कॅनडात घर मांडताना: ऑन्टारिओत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल ते वॉटर्लू या पट्ट्यात दरवर्षी नवी मराठी कुटुंबं येतात. पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, त्यासाठीचे पॉइंट्स आणि नोकरी याबद्दल सगळं वाचूनच ती आलेली असतात. प्रत्यक्ष राहायला लागल्यावर पडणारे प्रश्न मात्र वेगळे असतात. पोळ्या कोण करणार, मुलाच्या डब्यात काय द्यायचं, तिकडे बाबा पडले तर काय करायचं. खालची उत्तरं पीआर घेऊन मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. कागदपत्रं काही आठवड्यांत मार्गी लागतात. घरातल्या माणसांची आपापसात घडी बसायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून या पानावर त्याच गोष्टींना जास्त जागा दिली आहे. सरकारी रकमा आणि नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

निघताना बॅगेत काय भरू?

कुकर, पोळपाट-लाटणं, डाळी, पोहे, साबुदाणा, गूळ, कोकम हे सगळं इथे मिळतं. जागा द्यायचीच असेल तर घरच्या गोडा मसाल्याला, मेतकुटाला आणि मुलांच्या मराठी पुस्तकांना द्या. खाण्याचा प्रत्येक पदार्थ विमानतळावर जाहीर करा. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रोपं आणि मांस आणूच नका.

कागदांची मात्र हयगय नको. मुलांचं लसीकरणाचं पूर्ण कार्ड, शाळेचे निकाल, जन्मदाखले, चालू औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी आणि वाहन परवान्याबद्दल आरटीओचं पत्र सोबत हवं. भारतातला गाडी चालवण्याचा दोन वर्षांहून जास्त अनुभव त्या पत्राने सिद्ध झाला, तर लेखी परीक्षेनंतर मधली मुदत न थांबता थेट 'जी' म्हणजे पूर्ण परवान्याची रस्त्यावरची परीक्षा देता येते. दातांची कामं आणि चष्मे निघण्यापूर्वीच करून घ्या, कारण मोठ्यांचा हा खर्च इथल्या सरकारी आरोग्य योजनेत येत नाही.

दागिन्यांचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लग्नातलं सोनं लॉकरमध्येच ठेवून येत असाल, तर पीआर म्हणून पहिल्यांदा उतरताना 'मागाहून येणाऱ्या सामाना'च्या यादीत ते वर्णन आणि फोटोंसह नोंदवा. म्हणजे पुढे कधी मंगळसूत्र, पाटल्या, तोडे आणायचे झाले तर तुमच्या आधीपासूनच्या मालकीचा पुरावा तयार असेल.

पहिल्या काही दिवसांत कोणती कामं उरकायची?

सामाजिक विमा क्रमांक म्हणजे 'सिन', बँक खातं, सर्व्हिस ऑन्टारिओच्या कार्यालयात 'ओहिप' या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, आणि मुलांचा शाळाप्रवेश. ओहिपसाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं. २०२० पासून ती अट नाही.

याच धावपळीत कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा अर्जही भरून टाका. जुलै २०२५ ते जून २०२६ या काळासाठी सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर मिळतात. उत्पन्न वाढेल तशी रक्कम घटते. ती चालू राहायची असेल तर नवरा-बायको दोघांनी दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत आयकर विवरणपत्र भरायला हवं. 'माझं उत्पन्न शून्य आहे, मी कशाला भरू' असं म्हणून ते टाळू नका.

घर कुठे घ्यावं? घरमालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो आहे.

ऑन्टारिओच्या कायद्यानुसार घरमालकाला एका महिन्यापेक्षा जास्त भाडं अनामत म्हणून मागता येत नाही, आणि ती रक्कम शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळती व्हायला हवी. नवीन माणसाकडे इथला क्रेडिट इतिहास नसतो, त्यामुळे काही घरमालक जास्त मागतात. नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक आणि ओळखीच्या कुणाची हमी दाखवून बोलणी करा. करार सरकारी नमुन्यावरच हवा.

पहिल्या वर्षी घराच्या चौरस फुटांपेक्षा पायी जाण्यासारख्या गोष्टी बघा, असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. शाळा, वाचनालय, बसथांबा आणि किराणा चालत गाठता आला की घरात राहणारं माणूस कुणावर अवलंबून राहत नाही. लांबच्या उपनगरातलं मोठं घर आणि एकच गाडी अशी व्यवस्था असेल, तर ती गाडी सकाळी कामावर गेली की मागे राहिलेलं माणूस संध्याकाळपर्यंत घरात अडकतं. शाळाही पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी शाळेची हद्द पाहा आणि मग घर.

फोडणी टाकली की धुराचा अलार्म वाजतो!

सगळ्यांकडे वाजतो. शेगडीवरचा पंखा आधी सुरू करा, खिडकी किलकिली ठेवा, कढई मागच्या शेगडीवर ठेवा. अलार्मची बॅटरी मात्र कधीही काढू नका. इथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची असतात आणि आग झपाट्याने पसरते. कपड्यांचं कपाट आणि झोपायच्या खोल्यांची दारं स्वयंपाकाच्या वेळी लावून घेतली, तर हिवाळी कोटांना फोडणीचा वास लागत नाही.

भांडीवाली नाही, पोळ्यांच्या मावशी नाहीत. घरकाम कसं निभावायचं?

नव्या कुटुंबांत सगळ्यात जास्त कुरबुरी याच प्रश्नावरून होतात. तिकडे पुण्यात किंवा नाशकात जे काम तीन-चार माणसं मिळून करत होती, ते इथे एकट्या बाईवर येऊन पडतं. स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी, किराणा, मुलांची ने-आण, आठवड्याचा कचरा वेगळा करून ठरल्या दिवशी बाहेर ठेवणं, आणि थंडीत दारातला बर्फ. नवरा 'मी मदत करतो' म्हणतो. पण मदत म्हटलं की काम मुळात तिचंच राहतं.

कामं वाटून घ्या, आणि वाटून घेतलेलं काम आठवणीसकट त्याच माणसाचं असू द्या. कपडे धुणं नवऱ्याकडे असेल, तर मशीन लावण्यापासून घड्या घालून कपाटात ठेवण्यापर्यंत ते त्याचं. मुलांचे दवाखाने त्याच्याकडे असतील, तर तारीख लक्षात ठेवण्याचं कामही त्याचंच. सात-आठ वर्षांचं मूल स्वतःचा डबा धुऊ शकतं, मोजे जोडू शकतं आणि ताटं मांडू शकतं.

स्वयंपाकाचा रोजचा पसाराही थोडा आवरा. वरण-भात, भाजी, पोळी, कोशिंबीर असं साग्रसंगीत ताट दोन्ही वेळा व्हायलाच हवं, हा हट्ट पहिल्या वर्षी सोडून द्या. रविवारी दोघांनी मिळून डाळी शिजवाव्यात, आलं-लसूण वाटून ठेवावं आणि कणीक भिजवावी. गोठवलेल्या पोळ्या भारतीय दुकानांत मिळतात आणि त्या आणण्यात कमीपणा काहीच नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर ताटाकडे बघून काही बोलल्या, तर त्याचं उत्तर त्यांच्या मुलाने द्यावं. ते सुनेवर सोडू नये.

मुलाला कोणत्या इयत्तेत घालतील? तो तिकडे पुढच्या वर्गात होता.

इथे इयत्ता वयावरून ठरते. ज्या कॅलेंडर वर्षात मूल चार वर्षांचं होतं, त्या वर्षाच्या सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टन. मग पुढे दरवर्षी एकेक इयत्ता. भारतात एक इयत्ता पुढे असलेलं मूल इथे एक इयत्ता मागे जाऊ शकतं. त्यावरून शाळेशी वाद घालण्यापेक्षा ते वर्ष भाषेसाठी आणि मित्रांसाठी मिळालं असं धरा.

निकालपत्रात गणित-भाषेच्या आधी कामाच्या सवयींचा रकाना असतो. जबाबदारी, नीटनेटकेपणा, स्वतंत्रपणे काम करणं, इतरांसोबत काम करणं, पुढाकार, स्वतःवर ताबा. आपण घाईने ए-बी शोधतो आणि हा भाग वाचत नाही. शिक्षक मात्र तो फार गांभीर्याने भरतात, आणि मूल वर्गात रुळलंय की नाही हे त्यातूनच कळतं. इंग्रजी शाळांत चौथीपासून आठवीपर्यंत फ्रेंच सक्तीचं आहे. त्याची धास्ती नको. मराठी-हिंदी बोलणारी मुलं चौथी भाषा पटकन उचलतात.

डब्यात काय द्यायचं?

पहिली गोष्ट म्हणजे शेंगदाणे नकोत. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने काही मुलांचा जीव जाऊ शकतो. दुधाच्या पदार्थांच्या अशाच ॲलर्जीच्या झटक्यात सब्रिना शॅनन ही १३ वर्षांची मुलगी २००३ मध्ये दगावली. तिच्या नावाने ऑन्टारिओत कायदा झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. शाळा मंडळांनी अशा मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था केलीच पाहिजे, असं तो सांगतो. त्यामुळे बहुतेक शाळा डब्यात दाणे आणू देत नाहीत, आणि काही शाळा सगळाच सुकामेवा बंद ठेवतात.

आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठेकुठे असतं ते आठवून पाहा. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फतफतं, पोह्यांवरचे दाणे, चटणी, गूळपोळी, चिक्की. शाळेच्या दिवशी यातलं काही डब्यात जाऊ नये, आणि वाढदिवसाला वर्गात वाटायला लाडू-चिवडा पाठवू नये. घरी खुशाल करा, पण मूल दाणे खाऊन शाळेत निघालं असेल तर हात-तोंड धुऊन पाठवा.

शाळेत डबा गरम करून मिळेलच असं नाही. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या आणि त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं घालून ठेवा. मग पाणी ओतून गरम भात-आमटी, मऊ खिचडी किंवा शेवयांचा उपमा भरला तर दुपारपर्यंत ऊब राहते. जेवायला वेळ थोडा असतो, म्हणून चमच्याने चटकन खाता येईल असं द्या. थालीपीठ, घावन, तूप-गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी, इडली-चटणी हे सगळं चालतं, फक्त चटणी ओल्या खोबऱ्याची करा.

'माझ्या डब्याचा वास येतो म्हणतात' असं सांगत मूल कधीतरी रडवेलं घरी येईल. त्या दिवशी त्याचं नीट ऐकून घ्या आणि शिक्षकांना कळवा. लगेच सँडविचवर जाण्याची घाई नको. पण मुलाने स्वतःहून काही दिवस सँडविच मागितलं तर तेही द्या. पदार्थाची लाज वाटू नये यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते म्हणजे मुलाच्या वर्गमित्रांना घरी बोलावून गरम गरम बटाटेवडे खाऊ घालणं.

हिवाळ्याची भीती वाटते.

थंडीपेक्षा अंधार जास्त जाणवतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोरांटोत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आधी मावळतो. कामावरून येणाऱ्याला आणि घरात बसलेल्याला दोघांनाही उदास वाटतं. रोज दुपारी ऊन असेल तेव्हा अर्धा तास बाहेर पडा, बर्फ असला तरी. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा.

कपडे इथे येऊनच घ्या. मुलांना बर्फाची पँट, पाणी न शिरणारे बूट, बोटं सुटी नसलेले हातमोजे आणि शाळेत घालायचे वेगळे बूट लागतात. शाळा मुलांना थंडीतही मधल्या सुटीत बाहेर सोडते. मुलं दरवर्षी वाढतात, म्हणून वापरलेले पण चांगले कपडे मिळणाऱ्या दुकानांतून किंवा मराठी मंडळातल्या कुटुंबांकडून घ्या. शहराच्या कम्युनिटी सेंटरमध्ये स्केटिंग आणि पोहण्याचे वर्ग माफक फीमध्ये असतात. पहिल्याच हिवाळ्यात नाव घाला. ज्या घरातली माणसं बर्फात खेळायला शिकतात, त्यांचा जानेवारी-फेब्रुवारी बरा जातो.

मुलांचं मराठी टिकेल का?

टिकेल, पण ते आपोआप होत नाही. शाळा सुरू झाली की थोड्याच महिन्यांत भावंडं आपापसात इंग्रजी बोलू लागतात. मग मूल आईला इंग्रजीत उत्तर देतं, आणि आईही नकळत इंग्रजीत वळते. ही शेवटची पायरी तेवढी रोखायची. मूल इंग्रजीत बोललं तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा. रागावून, हटकून, 'मराठीत बोल' असं दहादा म्हणून काही साधत नाही. त्याने मराठी म्हणजे बोलणी खाण्याची भाषा होऊन बसते.

मराठी कशासाठी वापरतो ते पाहा. 'जेव', 'आवर', 'झोप' एवढ्यापुरतीच भाषा उरली, तर दहा वर्षांचं मूल तिच्यात दिवसभराची हकीकत सांगू शकणार नाही. डायनोसॉर, हॉकीचा सामना, मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणितातली अडचण हे सगळं मराठीत बोलायला हवं. इंग्रजी शब्द मध्ये आले तरी येऊ द्यात. वाक्य मराठी असलं म्हणजे झालं. आजी-आजोबांशी फोनवर 'नमस्कार कर' एवढ्यावर न थांबता त्यांच्यासाठी एखादं काम ठरवा. आजोबांनी रोज एक गोष्ट वाचून दाखवायची, किंवा नातवाने आजीला फोन वापरायला शिकवायचं.

शाळेचा आधारही आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालतात, आणि पुण्याच्या भारती विद्यापीठामार्फत त्यांच्या परीक्षा होतात. टोरांटोचं मराठी भाषिक मंडळ आहे. इतर शहरांतही मंडळं आहेत. ऑन्टारिओतल्या सरकारी शाळा मंडळाकडे २३ किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या पालकांनी लेखी मागणी केली, तर त्या भाषेचा वर्ग सुरू करण्याची तरतूदही आहे. तुमच्या भागात मराठी वर्ग नसेल तर तेवढी कुटुंबं जमवा. मनावर घेतलं तर होण्यासारखं काम आहे हे.

लिहिता-वाचता येणं ही पुढची पायरी. ती सगळी मुलं गाठत नाहीत, आणि त्याचं दुःख मलाही होतं. पण ऐकून समजणारं, आजीशी पोटभर बोलणारं मूल मोठेपणी लिपी शिकू शकतं.

मुलाला थोडा वेळ घरी एकटं ठेवलं तर चालतं का? आणि धपाटा?

ऑन्टारिओचा कायदा ठराविक वय सांगत नाही. १६ वर्षांखालच्या मुलाला, त्याच्या देखरेखीची वाजवी सोय केल्याशिवाय सोडून जाऊ नये, असं तो म्हणतो. लहान मुलाला गाडीत बसवून दुकानात जाणं तर कधीही नको. गाडीत मूल आठ वर्षांचं, ३६ किलोंचं किंवा १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला वेगळी आसनव्यवस्था लागते.

हात उगारू नका. शिक्षकांना किंवा डॉक्टरांना मुलाला इजा होत असल्याची शंका आली, तर बालसंरक्षण संस्थेला कळवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पण कायद्याच्या भीतीने हात आवरावा, असं माझं म्हणणं नाही. स्थलांतरात मुलं बरंच काही गमावून आलेली असतात. मित्र, आजी, सोसायटीतलं अंगण, सगळंच सुटलेलं असतं. त्यांचा हट्टीपणा पुष्कळदा त्यातून येतो.

मी तिकडे चांगल्या पदावर होते. इथे घरी बसले आहे. काय करू?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात, तोही हळू आवाजात, बाकीचं बोलणं संपल्यावर. त्याला 'हळूहळू होईल' असं उत्तर देऊन कुणी बोळवण करू नये.

आधी पाहा की तुमचा व्यवसाय इथे परवान्याचा आहे का. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, शिक्षक, वकील, आर्किटेक्ट यांना त्या त्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आणि तिला वेळ व पैसा दोन्ही लागतो. घरात दोघांपैकी कुणाचं शिक्षण आधी पूर्ण करायचं, हे दोघांनी बसून तारखांसह ठरवा. 'आधी माझा जम बसू दे, मग तुझं बघू' हे वाक्य पुष्कळ घरांत बोललं जातं, आणि ते 'मग' येतच नाही. वर्षाचं बजेट मांडताना तिच्या परीक्षांची फी पहिल्या ओळीत लिहा.

परवाना लागत नसेल, तर 'कॅनडातला अनुभव' ही अडचण पुढे येते. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना नोकरीच्या जाहिरातीत ती अट घालता येत नाही. मुलाखतीत तो पूर्वग्रह दिसू शकतो, पण निदान दार आधीच बंद होत नाही. नवागतांसाठीच्या संस्था पीआर असलेल्यांना बायोडेटा, मुलाखतीचा सराव, इंग्रजीचे वर्ग आणि त्या काळात मुलं सांभाळण्याची सोय बऱ्याच ठिकाणी मोफत देतात. २११ या क्रमांकावर फोन केला की जवळची संस्था सांगतात. हाच क्रमांक घरात त्रास, धाक किंवा मारहाण होत असेल तेव्हाही मदतीची ठिकाणं सांगतो. जीवाला धोका असेल तर ९११.

लहान मूल असेल तर पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत पहिल्याच महिन्यात नाव घाला, नोकरी नसली तरी. सरकारी योजनेत सहभागी असलेल्या पाळणाघरांत सहा वर्षांखालच्या मुलांची फी २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर आहे. म्हणूनच तिथे रांग लांब असते.

आणि बँक खातं दोघांच्या नावावर हवं, शिवाय तिचं स्वतःचं वेगळं क्रेडिट कार्डही हवं. नाहीतर पुढे तिच्या नावावर इथला काहीच आर्थिक इतिहास तयार होत नाही.

डॉक्टर लगेच का भेटत नाहीत?

कुटुंबाचा डॉक्टर मिळायलाच वेळ लागतो. हेल्थ केअर कनेक्ट या डॉक्टर शोधून देणाऱ्या सरकारी सेवेत नाव नोंदवा, तोवर वेळ न ठरवता जाता येणारं वॉक-इन क्लिनिक. रात्री मूल तापलं तर ८११ वर नोंदणीकृत परिचारिका सल्ला देते. इमर्जन्सीत ताप-सर्दीला बरेच तास बसावं लागतं, कारण तिथे आधी गंभीर रुग्ण घेतात. मोठ्यांची औषधं आणि दात यांना सहसा नोकरीतला विमा लागतो. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांची वर्षातून एकदा डोळेतपासणी मात्र ओहिपमध्ये होते.

आई-बाबांना बोलवायचं आहे. ते इथे रमतील का?

साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिने राहता येतं. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत. त्यासाठी तुमचं उत्पन्न ठरावीक मर्यादेवर हवं, आणि त्यांचा किमान एक लाख डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा हवा. दोन्ही प्रकारांत त्यांना ओहिप मिळत नाही. रक्तदाब-मधुमेह असेल तर विम्याची कलमं ओळीनओळ वाचा.

पहिल्यांदा बोलवायचं असेल तर मे-जूनमध्ये बोलवा. बाळंतपणासाठी आई डिसेंबरात आली, तर बाहेरची जमीन न बघताच ती महिनोन्‌महिने घरात राहते. डिंकाचे-अळिवाचे लाडू करते, बाळाला तेल लावते, रात्री जागते, आणि तिच्याशी बोलायला कुणी नसतं.

रमण्याचं म्हणाल तर त्यांना स्वतःचं असं काहीतरी लागतं. वाचनालयाचं कार्ड त्यांच्या नावाने काढा. बसने दोन थांबे जाऊन परत यायला शिकवा. थंडीत सकाळी मॉलमध्ये चालणारे ज्येष्ठ असतात, तिथे नेऊन ओळख करून द्या. मंडळातल्या ज्येष्ठांच्या गटाचा फोन नंबर थेट त्यांच्या फोनमध्ये घाला. बाबांच्या हातात थोडे डॉलर असू द्या, आणि हिशेब विचारू नका. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला कॉफीसाठी मुलाकडे पैसे मागायला फार जड जातं.

दोघांना फुकटची पाळणाघरसेवा समजू नका, ही कळकळीची विनंती आहे. नातवंडं त्यांचा आनंद आहेत. पण रोज आठ-नऊ तास, पाचही दिवस ही त्यांच्या वयाला न झेपणारी नोकरी आहे. त्यांना विचारा, आणि 'नको' म्हणायची मोकळीक द्या.

फोन कधी करावा?

उन्हाळ्यात भारत टोरांटोच्या साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. रविवारी सकाळी नऊला इथून फोन केला तर तिकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात असतात. दिवेलागणीची निवांत वेळ असते ती.

तिकडे अचानक काही झालं तर?

या प्रश्नाची तयारी शांत असतानाच करा. इथे जन्मलेल्या मुलाचा पासपोर्ट कॅनडाचा असतो, आणि त्याला भारतात जायला व्हिसा किंवा ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड लागतं. बाळाचा पासपोर्ट आला की लगेच ओसीआयचा अर्ज करा. नाहीतर रात्री दोनला फोन येतो, आई-वडील निघू शकतात आणि तान्ह्याचा कागदच नसतो. तुमच्या पीआर कार्डाची मुदतही बघत जा, कारण ते नसेल तर परतीच्या विमानात बसण्याआधी वेगळा प्रवासपरवाना काढावा लागतो. एका तिकिटापुरते पैसे कायम बाजूला हवेत.

भावंडांशीही आधीच बोला. तिकडे राहणारी बहीण दवाखाना, औषधं, बँक हे सगळं बघते आणि तुम्ही पैसे पाठवता, तेवढ्याने वाटणी पुरी होत नाही. दवाखान्याच्या अहवालांचा पाठपुरावा, विम्याचे दावे, ऑनलाइन बिलं, रोजचा एक फोन ही कामं इथून करता येतात. ती तुमच्याकडे घ्या, आणि वर्षातून एकदा तुम्ही जाल तेव्हा बहिणीला सुटी द्या.

आणि कधीकधी वेळेवर पोहोचता येत नाही. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतलेली पुष्कळ माणसं या शहरांत आहेत. अशा घरी जाताना डबा घेऊन जा आणि बसा. 'तू काय करू शकला असतास' हे वाक्य त्या वेळी कामाचं नसतं. गेलेल्या माणसाबद्दल मराठीत बोलायला कुणी तरी हवं असतं, तेवढं पुरे.

गणपती, दिवाळी?

दिवाळीला सार्वजनिक सुटी नसते. मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवार-रविवारी होतो. घरचा सण तिथीलाच करा, छोटा का असेना. पहाटे उटणं लावून मुलं शाळेत गेली तरी ती दिवाळी असते. शिक्षकांना आधी कळवलं तर धार्मिक सणासाठी मुलाची रजा मान्य होते. गणपती शाडूचा आणा आणि विसर्जन घरी बादलीत करा. ते पाणी आणि माती मागच्या अंगणातल्या झाडांना जाते. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये कापूर लावताना पुन्हा तोच अलार्म लक्षात असू द्या.

प्रत्येक खर्च रुपयांत मोजला जातो.

पहिला पगार होईपर्यंत मोजा, कारण खर्च तिकडच्या बचतीतून होतो. नंतर थांबवा. कोथिंबिरीच्या जुडीचे रुपये करत बसलं तर घरात सतत चणचण असल्यासारखं वाटतं, आणि मुलंही तेच शिकतात.

भारतातली बचत खाती एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलणं आवश्यक आहे. तिकडे भाड्याने दिलेला फ्लॅट, ठेवी, शेअर असं सगळं मिळून खरेदी किंमत एक लाख कॅनडियन डॉलरच्या वर असेल, तर इथल्या कर विभागाला वेगळ्या फॉर्मवर दरवर्षी कळवावं लागतं. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी त्यातून सूट आहे. भाड्याचं आणि व्याजाचं उत्पन्न मात्र इथल्या विवरणपत्रात पहिल्यापासून दाखवायचं. दोन देशांत करार असल्याने तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते.

परत जावंसं वाटतं. हे चुकीचं आहे का?

नाही. निर्णय मात्र फेब्रुवारीत घेऊ नका. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, म्हणजे विचार करायला भरपूर मुदत आहे. परत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि ती तिकडे सुखात आहेत. फक्त मुलं आठवी-नववीत जाण्यापूर्वी ठरवा, आणि नवरा-बायको दोघांचं खरंखुरं मत घेऊन ठरवा.

नागरिकत्व घेतलं तर गावच्या जमिनीचं काय?

अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिलात की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय घ्यावं लागतं. भारतातला मतदानाचा हक्क जातो.

शेतजमीन एनआरआय किंवा ओसीआय असताना विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळू शकते. वडिलोपार्जित जमीन विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून वडील हयात असताना सात-बारा पाहून घ्या, मृत्युपत्र नोंदवलेलं आहे का ते विचारा, आणि वारसनोंदीसाठी गावात कुणाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं ते भावंडांसमोर ठरवा. ते पत्र इथून पाठवायचं असेल तर टोरांटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या सेवाकेंद्रातून साक्षांकित करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरचं मुद्रांक शुल्क भरा.